भिंतीवरचं कात्रण

२०२३ च्या भाऊबीजेची गोष्ट. माझा एक जुना विद्यार्थी अमरावतीला बहिणीकडे आला होता. परत जाताना तो माझ्याकडे डोकावला. १९९४ च्या दहावीचा हा मुलगा. मुलगा कसला, आता त्याच्याही कानाजवळ पांढरं दिसतं. मूर्तिजापूर तालुक्यात त्याचं वेल्डिंगचं दुकान आहे. फराळाची प्लेट हातात घेतली, चकली अर्धी खाल्ली आणि म्हणाला, "सर, मले पेटंट घ्याचं हाये."

मी चाळीशीनंतर इंग्रजी वर्तमानपत्र वाचायला शिकलेला मराठी माध्यमाचा बी.ए. माझ्याकडे कुणी पेटंटसाठी येईल असं कधी वाटलं नव्हतं. पण कशाचं पेटंट ते मला विचारावं लागलं नाही. त्याचं तुरीचे शेंडे खुडायचं यंत्र मी पूर्वीच पाहिलं होतं.

वऱ्हाडातल्या वाचकांना सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगतो. तूर साधारण दीड महिन्याची झाली की तिचे शेंडे खुडतात. शेंडा गेला की झाड वर जाण्याऐवजी बाजूला फुटतं, फांद्या वाढतात, शेंगा जास्त लागतात. हाताने खुडायला बायका लागतात, आणि नेमक्या त्या दिवसांत निंदणामुळे मजूर मिळत नाही. मग कुणीतरी फवारणीच्या पंपाची बॅटरी पाठीवर घेतली, पाइपाच्या टोकाला छोटी मोटर बसवली, मोटरला गोल पातं लावलं. असली यंत्रं आपल्याकडे गावोगावी झाली आहेत. ह्याच्या यंत्राची गंमत वेगळी होती. पात्याच्या पुढे त्याने तारेचं एक दाताळं बसवलं होतं, बायकांच्या फणीसारखं. शेंडे त्या दातांत उभे धरले जायचे आणि मग कापले जायचे. बाकीच्यांच्या यंत्राने पानं फाटायची, ह्याच्या यंत्राने शेंडा स्वच्छ निघायचा. २०१६ साली त्याने ते बनवलं तेव्हा माझ्या धाकट्या भावाच्या शेतात, दर्यापूरकडे, मी स्वतः चार तासं चालवून पाहिलं होतं.

आता कुणी एक सल्लागार त्याला भेटला होता. पेटंट काढून देतो, पासष्ट हजार लागतील, असं ठरलं होतं. दहा हजार देऊन झाले होते. उरलेल्यासाठी बायकोचं सोनं गहाण ठेवायचं चाललं होतं. कागद घेऊन तो आला होता, ते इंग्रजीत काय लिहिलंय ते मी वाचून सांगावं म्हणून. कागदात एक ओळ होती : शोध घेतला, असं यंत्र कुठेही आढळलं नाही.

"शोध कुठं घेतला रे त्यांनी?"

"घेतला म्हन्ते. कम्प्युटरवर."

एवढंच. शाळेत मुलं 'उत्तर आलं' म्हणायची आणि वहीत रीत कुठेच नसायची, तशी ती ओळ वाटली मला. मी म्हटलं, आठ दिवस दे. तोवर सोन्याला हात लावू नको.

(पुढे मला कळलं की एकट्या माणसाने स्वतः ऑनलाइन अर्ज केला तर सरकारी शुल्क १,६०० रुपये, आणि तपासणीची विनंती करायला ४,००० रुपये. बाकीचा पैसा मसुदा लिहिण्याचा असतो. ते कौशल्याचं काम आहे, फुकट कुणी का करावं? पण मसुद्याआधी शोध आणि शोधाआधी सोनं, हा क्रम मला पटेना.)

पेटंट ह्या शब्दाशी माझी ओळख हळदीमुळे. १९९५ च्या मार्चमध्ये अमेरिकेने मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातल्या दोन संशोधकांना, दोघंही मूळचे आपलेच, जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट दिलं. क्रमांक ५४०१५०४. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआरचे महासंचालक होते. सीएसआयआरने १९९६ मध्ये त्याला आव्हान दिलं आणि १९९७ च्या ऑगस्टमध्ये ते दावे फेटाळले गेले. शाळेत परिपाठाला ही गोष्ट मी दरवर्षी सांगायचो. मुलं टाळ्या वाजवायची.

ह्या गोष्टीतला खरा मुद्दा मात्र मुलांपर्यंत मी कधी नीट पोचवला नाही. आमची आजी बोट कापलं की हळद दाबायची, हे तिथे उपयोगाचं नव्हतं. अमेरिकेच्या तेव्हाच्या कायद्यात परदेशातला नुसता वापर मोजला जात नसे. छापलेलं मात्र चालायचं. जगात कुठेही छापलेलं, कोणत्याही भाषेत. म्हणून आपल्या लोकांनी ३२ संदर्भ गोळा केले. त्यांत जुने संस्कृत ग्रंथ होते, आणि इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात १९५३ साली आलेला एक निबंधही होता. कोट्यवधी आज्यांना जमलं नाही ते त्या कागदांनी केलं. जे लिहून छापलं गेलं तेच आधीचं ठरलं.

तर हा धडा मला पाठ होता. त्याचं पुढे काय झालं ते सांगतो.

शोध घ्यायचा म्हणजे कुठे, हे मला नातीने दाखवलं. पैसा लागत नाही. गूगल पेटंट्स २००६ पासून आहे. युरोपच्या पेटंट कार्यालयाचं एस्पासनेट त्याहून जुनं, १९९८ चं. जागतिक बौद्धिक संपदा संघटनेचं पेटंटस्कोप आहे. आणि आपल्या भारत सरकारच्या पेटंट कार्यालयाचंही शोधाचं पान आहे, त्यावर आधी वेडीवाकडी अक्षरं ओळखून टाइप करावी लागतात. माझ्या चष्म्याला ती तिसऱ्या वेळेस जमतात.

सरावासाठी मी पहिलं नाव टाकलं ते शंकर आबाजी भिसे. मुंबईचे, जन्म १८६७, मृत्यू १९३५ साली न्यूयॉर्कला. छापखान्याचे खिळे ओतणाऱ्या यंत्रावर त्यांनी आयुष्य घातलं. दादाभाई नौरोजींनी त्यांना मदत केली, सर रतन टाटांनी पैसा घातला. त्यांच्यावरचा धडा वाचलेले माझ्या पिढीत पुष्कळ असतील, पण त्यांची यंत्रं कुणी पाहिली? इथे पडद्यावर शंभर वर्षांपूर्वीच्या आकृत्या समोर आल्या. प्रत्येक खिट्टीला, प्रत्येक चाकाला नंबर दिलेला, आणि खाली त्या त्या नंबराचं वर्णन. रात्री साडेअकरापर्यंत मी पाहत बसलो. हिने दिवा बंद करायला लावला.

दुसरा सराव कपाशीचा. वऱ्हाडातल्या माणसाने पेटंट बघायचं तर बोंडअळीचं बघायला नको का? भारतीय पेटंट क्रमांक २१४४३६. बोलगार्ड-२ मधल्या दुसऱ्या जनुकाचं, मोन्सॅन्टोचं. अर्जाची तारीख नोव्हेंबर १९९९, पेटंट मिळालं २००८ मध्ये. ह्याच क्रमांकावरून मोन्सॅन्टो आणि नुजिवीडू ह्या बियाणे कंपनीचं भांडण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. एप्रिल २०१८ मध्ये खंडपीठाने पेटंट रद्द ठरवलं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल बाजूला सारून प्रकरण पुन्हा एकल न्यायाधीशांकडे धाडलं. आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात वीस वर्षं भरली, पेटंट आपोआप संपलं. २०१६ साली सरकारने ८०० रुपयांचं पाकीट ठरवलं त्यात ४९ रुपये ह्या तंत्रज्ञानाचे होते. २०२० मध्ये ते शून्य झाले. पण गुलाबी बोंडअळी कुठे न्यायालयाची वाट बघते? तिने २०१७ च्या हंगामातच भावाची निम्मी बोंडं किडवली होती. पेटंट संपेपर्यंत थांबायचीही तिला गरज वाटली नाही.

तो कागद मी वाचायला घेतला तेव्हा मला वाटत होतं, काहीतरी दडवलेलं असेल. उलट सगळं उघडं होतं. पेटंट ह्या शब्दाचा मूळ लॅटिन अर्थच मुळी 'उघडं' असा आहे. सरकार म्हणतं, तू काय केलंस ते सगळ्यांना समजेल असं लिहून दे, आम्ही वीस वर्षं तुझं राखतो. नंतर ते सगळ्यांचं. अर्ज केल्यावर अठरा महिन्यांनी तो प्रसिद्ध होतो. पेटंट कार्यालयाचं जर्नल दर शुक्रवारी निघतं, तेही फुकट. समजेल असं लिहून दे, एवढी अट मात्र पुष्कळ जण मनावर घेत नाहीत. असो.

आता तूर. इथे माझं इंग्रजी उघडं पडलं. तुरीला ते लोक 'पिजन पी' म्हणतात, कबुतराचा वाटाणा! शब्द टाकला तर जनुकं आली, औषधं आली, यंत्र काही येईना. खुडण्याला 'निपिंग' टाकलं तर पकडी आल्या. नात म्हणाली 'टॉपिंग' टाका. टाकलं, तर पिझ्झा आला.

वाट सापडली ती ग्रंथालयामुळे. मी शाळेचं ग्रंथालय अकरा वर्षं सांभाळलं. पुस्तकाचं नाव आठवत नसलं तरी वर्गांक माहीत असला की कपाट सापडतं, हे माझ्या हातात बसलेलं. पेटंटांनाही असेच वर्गांक असतात, साऱ्या जगात एकच पद्धत. ए ०१ म्हणजे शेती. ए ०१ डी म्हणजे कापणी, त्यातलं ४६ म्हणजे फळं, चहा, कापूस वगैरेंची तोडणी. ए ०१ जी ३ म्हणजे बागेत कापाकापी करायची अवजारं. वर्गांक टाकला की भाषा आडवी येत नाही. जपान्याने त्याच्या भाषेत लिहिलेलं आणि जर्मनाने त्याच्या भाषेत लिहिलेलं एकाच कपाटात मिळतं. शब्दांवर पोट भरलेला मी माणूस, पण त्या संध्याकाळी आकड्यांपुढे हात जोडले.

त्या कपाटात 'टॉपिंग' पुन्हा टाकलं, आणि चीन उघडला. तिकडे झिंजियांग प्रांतात कपाशीचे शेंडे मोठ्या प्रमाणावर खुडतात, त्यामुळे शेंडे खुडायच्या यंत्रांचे कागद ढिगाने. ट्रॅक्टरची, हातातली, पाठीवर बॅटरी घेतलेली, पाइपाच्या टोकाला पातं असलेली. मशीनने केलेलं इंग्रजी भाषांतर सोबत मिळतं. ते इतकं बोबडं असतं की मलाही समजतं. म्हणजे बॅटरी, पाइप आणि पातं ह्यावर आमच्या गड्याला कुणी काही देणार नव्हतं. सल्लागाराच्या कागदातली ती ओळ चार संध्याकाळीत खोटी ठरली.

पण दाताळं? मी पेटंट शेपटीकडून वाचायला शिकलो होतो. वर्णन कितीही लांब असो, शेवटी 'क्लेम' म्हणजे दावे असतात. माणूस नेमकं काय आपलं म्हणतो ते तिथेच असतं. एकेक दावा वाचत गेलो. आकृत्या मोठ्या करून पाहिल्या. शेंडे उभे धरणारी, तारेची, पात्याच्या पुढे बसवलेली फणी मला सापडली नाही. मी काही तज्ज्ञ नव्हे. पण आठव्या दिवशी माझ्या मनात आलं, पोराने खरंच काहीतरी नवं केलंय. पद्धतीवर नाही, कारण शेतीच्या पद्धतीला आपल्याकडे पेटंट मिळतच नाही, १९७० च्या कायद्याच्या कलम ३ मध्ये तसं लिहिलंय. पण फणीसकट यंत्रावर मिळण्याची आशा होती. मला इतका आनंद झाला की फोनवर सांगवेना. बडनेऱ्याहून गाडीत बसलो आणि मूर्तिजापूरला उतरलो. तिथून त्याने मोटारसायकलवर नेलं.

दुकानात शिरलो. एका बाजूला ट्रॉलीचा सांगाडा, एका बाजूला डवऱ्यांची फासं, सगळीकडे जळक्या लोखंडाचा वास. त्याने खुर्ची पुसून दिली. समोरच्या भिंतीवर गजाननमहाराजांचा फोटो आणि त्याच्या शेजारी काचेच्या फ्रेममध्ये एक कात्रण.

ते कात्रण माझ्या लेखाचं होतं.

२०१८ च्या ऑगस्टमध्ये एका स्थानिक दैनिकाच्या रविवार पुरवणीत मी त्याच्यावर लेख लिहिला होता. विद्यार्थ्याचं कौतुक, दुसरं काय. पण मास्तर माणूस, मोघम लिहिणं स्वभावात नाही. मोटर किती व्होल्टची, पाइप किती फुटी, फणीला दात किती, दोन दातांत अंतर किती, तार कोणती, फणी पात्याच्या किती पुढे, आणि असं का, तेसुद्धा. बाजूला यंत्राचा फोटो. 'कुणाही कुशल कारागिराला हे बनवता यावे' असं शेवटी मी मोठ्या अभिमानाने लिहिलं होतं. वाचता वाचता माझ्या लक्षात आलं, आठ दिवस मी चीनपर्यंत जे शोधत होतो ते इथे काचेत होतं.

अर्जाच्या तारखेआधी जगात कुठेही प्रसिद्ध झालेलं असलं की ते नवं राहत नाही. स्वतः त्याच माणसाच्या संमतीने प्रसिद्ध झालं असलं तरीही. सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनात मांडलं असेल तर बारा महिन्यांची सवलत आहे. वर्तमानपत्रातल्या मास्तरांच्या लेखाला सवलत नाही, आणि आता पाच वर्षं होऊन गेली होती.

"काय झालं सर? पानी आनू?"

मी सांगितलं. सगळं, क्रमाने. चीनचं, फणीचं, आणि मग भिंतीकडे बोट दाखवलं. तो बराच वेळ बोलला नाही. हातातलं चिमटं उघडझाप करत राहिला. मग म्हणाला, "म्हन्जे तुमी लिवलं नसतं त..."

"हो," मी म्हटलं.

त्याने तिथल्या तिथे सल्लागाराला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. पलीकडचा माणूस हसला. मराठी पेपर कोण बघतो, दिल्ली-मुंबईच्या साहेबाला अकोल्याची पुरवणी सापडणार आहे का, तुम्ही पुढचा हप्ता पाठवा. फोन ठेवल्यावर विद्यार्थी माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "सर, काढून ठेवू का हे भितीवरनं?"

खरं सांगतो, एक क्षण मलाही वाटलं, काढ. त्या दैनिकाचे जुने अंक संकेतस्थळावर आहेत हे मला माहीत होतं, पण एवढ्या खोलात कोण जातं? सल्लागार म्हणतो ते व्यवहाराने खोटं नव्हतं. तपासणाऱ्याच्या नजरेतून सुटलंही असतं. पण पेटंट मिळाल्यावरही कुणी धंद्यातला माणूस उठून ते कात्रण पुढे करू शकला असता, आणि तोवर सोनं गेलेलं असतं. हे मी त्याला सांगितलं. हे सांगायला सोपं होतं.

जे सांगता आलं नाही ते वेगळं. ह्याच मुलाला मी १९९८ साली रस्त्यात गाठून हळदीची गोष्ट सांगितली होती, कारण तो तेव्हा शाळा सोडून गेलेला होता आणि परिपाठाला नव्हता. छापलेला कागद, मग तो कुठल्याही भाषेतला असो, अमेरिकेलाही मानावा लागतो, असं छाती फुगवून सांगितलं होतं. आता मराठी कागद कोण बघतो असं मी कोणत्या तोंडाने म्हणणार होतो?

"राहू दे," मी म्हटलं.

त्याने चहा मागवला. आम्ही दोघांनी तो प्यायला, पण बोलणं झालं नाही. स्टेशनवर सोडताना त्याने नेहमीसारखं वाकून नमस्कार केला. पण 'येतो सर' म्हणताना माझ्याकडे पाहिलं नाही. सोनं वाचलं. दहा हजार परत मिळाले नाहीत. त्यातले पाच मी देऊ केले, ते त्याने घेतले नाहीत.

त्यानंतर सात-आठ महिने त्याचा फोन नाही. मी दोनदा केला, दोन्ही वेळा 'गाडीवर हाव सर, करतो' म्हणाला आणि केला नाही. हिचं म्हणणं, तुम्ही चांगल्या मनाने लिहिलं होतं. ते खरं आहे. पण छापायच्या आधी मी त्याला एका शब्दाने विचारलं नव्हतं, हेही खरं आहे. त्याने अंक पाहिला तो छापून आल्यावर, आणि तो आनंदलाच. पण म्हणून विचारायला नको होतं असं नाही. पस्तीस वर्षं शिकवलेल्या माणसाला, माहीत झालेली गोष्ट चार लोकांना सांगून टाकली नाही तर जेवण जात नाही. दुसऱ्याची गोष्टही आपलीच समजून आपण सांगत सुटतो.

मग २०२४ च्या पोळ्याला फोन आला. हंगाम बरा गेला होता. पेटंटाशिवायच त्याने त्या साली चाळीस यंत्रं विकली होती. तालुक्यात आणखी दोघा वेल्डरांनी तशीच फणी बसवून विकायला काढली होती, हेही त्याने सांगितलं. त्यांतल्या एकाने तर लेखाचं कात्रण समोर ठेवून मापं घेतली म्हणे. त्याच्या आवाजात राग होता की नाही, मला कळलं नाही. थोड्या वेळाने म्हणाला,

"सर, एक नवं काढलं हाये. कपाशीसाठी. लय भारी झालं."

"अरे वा! काय आहे? फोटो पाठव की."

तिकडून हसण्याचा आवाज आला.

"नाही सर. आता तुमाले नाही दाखवत."

"बरं करतोस," मी म्हटलं. "आधी अर्जाची तारीख पडू दे."